चिंगीला घरी ठेवा, रिसॉर्ट मात्र सोडू नका

प्रश्न : ताई, लग्नाला आठ वर्षं झाली. दोघंच कुठे गेलोय असं होऊन बराच काळ लोटला. आता उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर आठवडाभर जायचं ठरवतोय. नवऱ्याने शोधलेला रिसॉर्ट ‘कॅट-फ्रेंडली’ आहे. तिथल्या आवारात मांजरं राहतात आणि पाहुण्यांनी स्वतःचं मांजर आणलं तरी चालतं. ते वाचल्यापासून त्याचा एकच हट्ट, आपल्या चिंगीलाही न्यायचं. चिंगी नऊ वर्षांची, गुबगुबीत आणि घाबरट आहे. दाराची बेल वाजली तरी पलंगाखाली जाते. प्रवास आधी विमानाचा, मग बोटीचा. मी नको म्हटलं की म्हणतो, “तुला ती मनापासून आवडतच नाही.” तिचा शी-शूचा ट्रे साफ करणं, नखं कापणं, औषध पाजणं, डॉक्टरकडे नेणं हे सगळं मी करते, तो तिच्याशी खेळतो. मला एकदा तरी मांजराचे केस नसलेल्या चादरीवर झोपायचंय. असं वाटणं चूक आहे का?
– सुट्टी हवी असलेली

ता. क. परत आल्यावर बाळाचा विचार आहे. तिथल्या मांजरांपासून काही धोका आहे का?

उत्तर : प्रिय मैत्रिणी,

चूक कसली? इतकी वर्षं जी रोज त्या मांजराची घाण उचलते, तिच्याकडे प्रेमाचा पुरावा मागायचा नसतो. नवऱ्याचं ते वाक्य रागाच्या भरातलं असेल असं धरून चालू. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. चिंगी बरोबर आली तर सुट्टी त्याची होईल आणि ड्युटी तुमची. ट्रे बेटावरही भरणारच आहे.

हे भांडण बाजूला ठेवलं तरी माझं उत्तर बदलत नाही, कारण ते तुमच्या बाजूने किंवा त्याच्या बाजूने नाही, चिंगीच्या बाजूने आहे. तिने जाऊ नये. तुम्ही दोघांनी मात्र जावं, आणि शक्यतो त्याच रिसॉर्टमध्ये.

रिसॉर्टने ‘या’ म्हटलं म्हणजे काम झालं, असा तुमच्या नवऱ्याचा समज दिसतो. रिसॉर्टचं फाटक सगळ्यात शेवटी येतं. त्याच्या आधी सरकारचं फाटक असतं, आणि बेटं या बाबतीत फार कडक असतात. ज्या बेटावर रेबीज नाही, तिथे तो येऊ नये म्हणून जिवाचं रान करतात. अमेरिकेतल्या हवाई बेटांचं उदाहरण घ्या. तिथे रेबीज नाही. त्यामुळे मांजर न्यायचं तर ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप हवी, किमान तीस दिवसांच्या अंतराने रेबीजच्या दोन लशी हव्यात, लस लागू पडल्याचं दाखवणारी रक्ततपासणी हवी आणि त्या तपासणीनंतर पुन्हा ठरावीक दिवस थांबायला हवं. यातलं काही राहिलं तर मांजराला १२० दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. आठवड्याची सुट्टी आणि चार महिन्यांची कोठडी! इंडोनेशियातल्या बालीत २००८ साली रेबीज पोचला आणि त्यानंतर बाहेरून कुत्री-मांजरं आणायलाच बंदी घातली गेली. मालदीवमध्ये कुत्रा अजिबात चालत नाही, मांजर मात्र कागदपत्रं असतील तर चालतं. सांगायचं कारण असं, की ‘बेट’ म्हणून एकच नियम कुठेही नाही आणि रिसॉर्टच्या जाहिरातीत यातलं काहीच छापलेलं नसतं. परतीचा नियम तर लोक हमखास विसरतात. चिंगी परदेशातून आली की आपल्याच देशात शिरायला तिला पुन्हा कागद लागतील.

समजा, सगळे कागद झाले. मग विमान. बऱ्याच कंपन्या मांजराला सीटखाली मावेल अशा पिशवीत केबिनमध्ये नेऊ देतात, काही फक्त सामानाच्या कप्प्यात. चपट्या नाकाच्या मांजरांना, म्हणजे पर्शियन वगैरेंना, अनेक कंपन्या त्या कप्प्यात घेतच नाहीत. त्यांना श्वास घेणं आधीच जड जातं, त्यात उष्मा आणि भीती. गुंगीचं औषध देऊन न्यावं असं कुणी सुचवलं तर आपल्या मनाने काही देऊ नका. हवेत असताना रक्तदाब आणि श्वास दोन्ही बिघडू शकतात. प्रवासापूर्वी भीती कमी करणारी औषधं पशुवैद्य देतात, पण ती आधी घरी देऊन बघावी लागतात. त्यानंतर बोट. इंजिनचा आवाज, हेलकावे, डिझेलचा वास. बेलला घाबरणाऱ्या जिवाला हे कसं वाटेल, ते तुम्हाला सांगायला नको.

मांजर माणसावर जीव लावत नाही, घरावर लावतं, असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. ते माणसावरही लावतं. पण सुरक्षित वाटण्यासाठी त्याला स्वतःच्या वासाची ओळखीची जागा लागते. कोपरे, सोफ्याची पाठ, खिडकी, सगळीकडे गाल घासून त्याने आपला वास लावून ठेवलेला असतो. आठवडाभरासाठी परक्या खोलीत सोडलेलं घाबरट मांजर पहिले तीन-चार दिवस कपाटामागे काढतं, आणि जरा बाहेर येऊ लागतं तेव्हा निघायची वेळ झालेली असते. तेवढ्यावर निभावलं तर ठीक. ताणामुळे मांजरांना मूत्राशयाचा दाह होतो, ती खाणं सोडतात. आणि चिंगीसारखं गुबगुबीत मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकतं. छोट्या बेटावर पशुवैद्य असेलच असं नाही.

तिथे असलेल्या काही गोष्टी घरात राहिलेल्या मांजराने कधी पाहिलेल्याही नसतात. पाली आणि सरडे खाऊन मांजरांच्या पित्तनलिकेत शिरणारा एक यकृतकृमी कॅरिबियन आणि हवाईसारख्या भागांत आढळतो. त्या दुखण्याला तिथे ‘लिझर्ड पॉयझनिंग’ म्हणूनच ओळखतात. बऱ्याच बेटांवर आणून सोडलेला केन टोड नावाचा मोठा बेडूक आहे, तो तोंडात धरला तरी विषबाधा होते. बागेत शोभेला लावलेला सायकस म्हणजे सागो पाम आणि कण्हेर, दोन्ही विषारी. यातलं काहीही न होता चिंगी नुसती गॅलरीच्या फटीतून निसटली तर? हरवलेली मांजरं बहुधा जवळपासच दबकून बसलेली असतात, हाक मारली तरी बाहेर येत नाहीत. तुमची परतीची बोट काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

निसटलेलं मांजर बेटाचंही नुकसान करतं, हे लोक फार हलक्यात घेतात. बेटांवरचे पक्षी बहुतेकदा शिकारी सस्तन प्राणी नसताना वाढलेले असतात. ते जमिनीवर घरटी करतात, काही तर उडायचंही विसरलेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात ६३ प्रजाती नामशेष होण्याशी मांजरांचा संबंध जोडला होता. त्यात ४० पक्षी, २१ सस्तन प्राणी आणि २ सरपटणारे प्राणी. हवाईतले मंक सील नावाचे दुर्मीळ समुद्री प्राणी मांजरांच्या विष्ठेतून समुद्रात पोचलेल्या टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीने मेल्याची नोंद आहे, आणि मांजर तर पाण्यात पायही घालत नाही! मांजरं वाईट आहेत असं यातून कुणी काढू नये. त्यांना तिथे माणसानेच नेऊन सोडलं.

नवऱ्याशी बोलायचं कसं, याबद्दल. हे सगळे मुद्दे एका दमात त्याच्यावर फेकू नका. वाद जिंकाल आणि सुट्टी घालवाल. त्याला एवढंच म्हणा, “ठीक आहे, चिंगीचं सगळं तू बघ.” रागाने नव्हे, खरंच म्हणा. त्या देशाच्या पशुसंवर्धन खात्याचे नियम त्याने काढावेत, विमान कंपनीला आणि बोटवाल्यांना त्याने विचारावं, चिंगीला पिशवीत घालून डॉक्टरकडे त्याने न्यावं. या शेवटच्या कामात पहिल्याच दिवशी बरंचसं उत्तर मिळेल. तो तरीही म्हणाला की न्यायचीच, तर डॉक्टरांनाच विचारा, तिघांच्या समोर. नऊ वर्षांच्या घाबरट मांजराला केवळ आठवड्याच्या मौजेसाठी न्या, असं सांगणारा पशुवैद्य विरळाच.

मला वाटतं, त्याच्या हट्टाखाली भीती आहे. तिला कुणाकडे सोडायचं, ती जेवेल का, तिला वाटेल का की आपण तिला टाकलं. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर बोटीचं तिकीट हा इलाज नव्हे. नीट व्यवस्था हा इलाज आहे, आणि ती व्यवस्था त्यानेच करावी.

चिंगीसारख्या मांजरासाठी बोर्डिंगपेक्षा घरीच राहणं बरं. दिवसातून दोनदा येणारं माणूस शोधा, ओळखीचं असेल तर उत्तम. निघण्यापूर्वी त्याला दोन-तीनदा घरी बोलावून चिंगीला खाऊ घालायला लावा. आपोआप खाणं टाकणारं यंत्र मदतीला ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ते वाडगा भरतं. वाडगा रिकामा झाला की नाही, हे बघत नाही. येणाऱ्याला लिहून द्या : किती खाल्लं, ट्रेमध्ये शी-शू झाली का, हे रोज कळवायचं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही किंवा पुनःपुन्हा ट्रेमध्ये बसून शू होत नसेल, तर आमची वाट न बघता डॉक्टरकडे. डॉक्टरांकडेही आधीच एक चिठ्ठी देऊन ठेवा, की अमुक व्यक्ती आणेल, उपचार करा, अमुक रकमेपर्यंत खर्चाला विचारायची गरज नाही. तुमचा न धुतलेला एखादा कपडा तिच्या झोपायच्या जागी ठेवा. आणि घरात कॅमेरा लावणार असाल तर तो सकाळी एकदा, रात्री एकदा बघायचा असं आधीच ठरवून घ्या, नाहीतर नवरा समुद्राकडे पाठ करून फोनमध्ये बसेल.

आता तो रिसॉर्ट. तुमच्या जागी मी तो रद्द करणार नाही. चिंगी येत नाही म्हटल्यावर त्याचा जीव थोडा तरी रमेल अशी जागा असायला काय हरकत आहे? तुमची चादर मात्र स्वच्छ हवी. तेव्हा बुकिंग पक्कं करण्याआधी रिसॉर्टला एक पत्र लिहा. मांजरांची नसबंदी आणि लसीकरण झालंय का? त्यांना खायला कोण आणि कुठे घालतं? ती खोल्यांमध्ये शिरतात का? पाहुण्यांची मांजरं न राहिलेली खोली मिळेल का? चांगली जागा असेल तर याची उत्तरं लगेच आणि सविस्तर येतात. ‘आमची मांजरं खूप गोड आहेत’ एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. नसबंदी झालेल्या भटक्या मांजराच्या एका कानाचं टोक बऱ्याच ठिकाणी मुद्दाम छाटलेलं असतं, लांबून ओळखू यावं म्हणून. पाहुण्यांनी पाठवलेल्या फोटोंमध्ये असे कान शोधा. आणि आवारात पिल्लंच पिल्लं दिसत असतील तर तिथे मांजरांवर प्रेम कमी आणि जाहिरात जास्त आहे, असं खुशाल समजा.

मांजरांसाठीच बेटावर जायचं तर हवाईच्या लानाई बेटावर एक मोठं आश्रयस्थान आहे. तिथे शेकडो मांजरं मोठ्या कुंपणाच्या आत, उघड्यावर राहतात आणि लोकांना ती बघायला जाता येतं. बेटावरच्या जमिनीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांपासून मांजरांना दूर ठेवायचं, पण मारायचं नाही, यातून ती जागा उभी राहिली. तुमच्या नवऱ्याला हा मार्ग पटेल असं वाटतं.

तिथे गेल्यावर दोन-तीन गोष्टी पाळा. खोलीत बोलावून खायला घालू नका. आठव्या दिवशी दार बंद दिसलं की ते मांजर पुढच्या पाहुण्याच्या दारात रडतं. ताटातला मासा तर नकोच. प्रवाळखडकांतल्या मोठ्या माशांमध्ये सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. ते शिजवूनही जात नाही, आणि माणसांइतकंच मांजरांनाही बाधतं. कपड्यांवर मारायच्या डासनाशकात परमेथ्रिन असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला जवळ येऊ देऊ नका. आपल्याला चालणारं हे औषध त्यांना विषारी आहे. आणि नवऱ्याला आताच बजावून ठेवा, तिथलं एखादं पिल्लू खिशात घालून आणायचं नाही. फारच जीव जडला तर रिसॉर्टला त्याच्या ऑपरेशनचा आणि लशींचा खर्च द्या.

वाळूत अनवाणी चालू नका, हे कुणी सांगितलं तर तुम्हाला बेटावर जाण्यातली निम्मी गंमत गेल्यासारखं वाटेल. म्हणून थोडं सोपं करते. जिथे मांजरं आणि कुत्री फिरतात तिथल्या वाळूत त्यांच्या विष्ठेतून अंकुशकृमी नावाच्या जंताची अंडी पडतात आणि त्यांतून अळ्या निघतात. त्या आपल्या कातडीत शिरतात आणि आतल्या आत सरपटतात. वर लाल, नागमोडी, प्रचंड खाजणारी रेघ उमटते. औषधाने बरं होतं, पण सुट्टीची वाट लागते. भरतीच्या पाण्याने रोज धुतली जाणारी ओली वाळू त्या मानाने बरी. तिथे खुशाल अनवाणी चाला. वरच्या कोरड्या, झाडाखालच्या वाळूत चप्पल घाला आणि तिथे लवंडायचं असेल तर खुर्ची घ्या.

चावा किंवा ओरखडा मात्र हलक्यात घेऊ नका, मांजर कितीही माणसाळलेलं असो. त्या बेटावर रेबीज आहे की नाही, हे निघण्यापूर्वी बघून ठेवा. असेल तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लहान बेटांवर रेबीजची लस असेल, पण गंभीर चाव्यासाठी लागणारं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, बरेचदा नसतं. अशा ठिकाणी जात असाल तर आधीच प्रतिबंधक लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. ती घेतलेली असली तर चावल्यानंतर ते इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. रेबीज नसलेल्या बेटावरही हातावरचा चावा दाखवाच. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात, जखम वरून मिटते आणि जंतू आत राहतात. चोवीस तासांत हात सुजून लाल झाल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

राहिला ताजा कलम, आणि खरं तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. मांजर आणि गरोदरपण म्हटलं की सगळे टॉक्सोप्लाझ्माचं नाव घेतात. मांजराला कुरवाळल्याने तो सहसा होत नाही. मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाला की आठवडा ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला तर धोका फार कमी होतो. अर्धंकच्चं मांस, न धुतलेली कच्ची भाजी आणि माती यांतून तो माणसांना अधिक होतो. तेव्हा जेवण पूर्ण शिजलेलं घ्या, हात धुवा. हवं तर तुमच्या रक्तात त्याची प्रतिकारशक्ती आधीच आहे का, ते डॉक्टर तपासून सांगतील. गरोदर राहायचा प्रयत्न सुरू केलात की चिंगीचा ट्रे नवऱ्याकडे. हा वैद्यकीय सल्ला आहे, त्यावर वाद नाही.

पण तुमच्या बाबतीत मांजरापेक्षा डासाची काळजी जास्त करायला हवी. उष्ण कटिबंधातल्या अनेक बेटांवर झिकाचा विषाणू फिरतो किंवा पूर्वी फिरलेला आहे. बहुतेकांना त्याची लक्षणं दिसतही नाहीत, पण गर्भाच्या मेंदूवर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात. तो शरीरसंबंधातूनही जातो आणि पुरुषाच्या वीर्यात जास्त काळ टिकतो. म्हणून अशा ठिकाणाहून परतल्यावर फक्त बायको गेली असेल तर दोन महिने, आणि नवरा गेला असेल तर तीन महिने गर्भधारणा टाळावी, असं आरोग्य यंत्रणा सांगतात. तुम्ही दोघंही जाताय, म्हणजे तीन महिने. ‘परत आल्यावर’ म्हणजे नेमकं कधी, हे बेट निवडण्यापूर्वी ठरवा. थांबायचं नसेल तर झिका नसलेलं बेट निवडा, मग तिथे मांजरं असोत वा नसोत. रिसॉर्टचे पैसे परत न मिळणारं बुकिंग करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाला एकदा भेटून या, आणि नवऱ्यालाही बरोबर न्या. चिंगीच्या डॉक्टरची वेळ त्यानंतर घेतली तरी चालेल.